वाचकांचे प्रश्न: मुलं आणि घरी आलेलं भटकं पिल्लू

पावसाळा सरला की गावोगाव कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात आणि पालकांची, शिक्षकांची पत्रंही येऊ लागतात. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं पशुवैद्यक आणि बालशिक्षणातली मंडळी यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलाने केळीच्या बागेतून एक पिल्लू उचलून आणलंय. आमच्या सासूबाई म्हणतात, जिथून आणलं तिथे सोडून या. मुलगा ऐकत नाही, रडतो. ठेवायचं झालं तर सुरुवात कशी करायची?
— एक आई, रावेर तालुका

आधी पिल्लाच्या आईचा शोध घ्या. पिल्लू जिथून उचललं तिथे मोठ्या माणसाने जावं, लांब उभं राहावं आणि दोन-तीन तास वाट बघावी. कुत्री खाणं शोधायला गेलेली असते आणि माणूस जवळ असेल तर पिल्लांकडे येत नाही. ती दिसली आणि पिल्लू दोन महिन्यांच्या आतलं असेल, तर ते तिच्याजवळ परत ठेवा. माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. मुलाला सांगा की पिल्लू त्याचंच आहे, फक्त काही आठवडे आईकडे राहणार आहे. तोवर रोज मोठ्या माणसासोबत जाऊन कुत्रीला भाकरी-पाणी लांबून ठेवून यायचं. कुत्रीजवळ किंवा पिल्लांत हात घालायचा नाही, कारण पिल्लांची आई सर्वांत पटकन चावते.

पिल्लाचं वय दातांवरून कळतं. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात डोकावतात आणि दोन महिन्यांचं होईतो २८ दात भरतात. पुढचे दात पडून मोठे येत असतील तर ते चार महिन्यांच्या आसपासचं आहे.

दोन महिन्यांचा आग्रह उगाच धरलेला नाही. भावंडांशी खेळताना जोरात दात लागला की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतो. किती जोराने चावलेलं चालतं, हे ते तिथे शिकतं. महिन्याच्या आत उचललेलं पिल्लू हे शिकलेलं नसतं आणि पुढे पोरांच्या हातापायांवर दात चालवतं. मग घरचे म्हणतात, कुत्रं चावरं निघालं.

आई मेली असेल किंवा आलीच नाही, तर मात्र पिल्लू घरी ठेवा. पहिले १४ दिवस घरातल्या दुसऱ्या कुत्र्यापासून वेगळं. दोन-तीन दिवसांत पशुवैद्यकाकडे न्या आणि त्याआधी वजन करून घ्या. भाजीच्या काट्यावर टोपलीत बसवलं तरी काम होतं. जंताच्या बऱ्याचशा गोळ्या १० किलो वजनाच्या हिशोबाच्या असतात. दोन किलोच्या पिल्लाला अख्खी गोळी म्हणजे पाचपट डोस, त्यामुळे पिल्लांना पातळ औषध बरं. पिल्लू १२ आठवड्यांचं होईपर्यंत दर १५ दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यायचं. हे मुलांसाठीही महत्त्वाचं आहे. पिल्लाच्या विष्ठेतली गोलकृमीची अंडी मातीत पडून दोन-तीन आठवड्यांनी संसर्गजन्य होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या नखांतून पोटात जातात. अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अंड्यांना तेवढा वेळच मिळत नाही.

लसींचं वेळापत्रक असं: पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांना, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांना, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी एक. एकच इंजेक्शन देऊन थांबणं ही नेहमीची चूक. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पहिल्या लसीला निष्प्रभ करू शकतं, म्हणून तर ती पुन्हापुन्हा द्यावी लागते. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब आणि मलूलपणा दिसला तर पार्वो समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती जागा ब्लीचने धुवा, एक भाग ब्लीचला ३० भाग पाणी. नुसत्या फिनेलवर भरवसा ठेवू नका. पार्वोचे विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे त्या अंगणात लस न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका.

रात्री पिल्लू रडतं तेव्हा त्याला गोठ्यात कोंडू नका. गोणपाट घातलेलं खोकं पहिला आठवडा मोठ्या माणसाच्या अंथरुणाशेजारी ठेवा. थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवायची, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला बाजूला सरकता येतं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच अंगणात न्या. घरात घाण केली म्हणून त्याचं नाक त्यात घासलं तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि मग खाटेखाली करतं.

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका. कुत्रं १२-१३ वर्षं जगतं. आज रडणारा मुलगा कॉलेजसाठी जळगावला किंवा पुण्याला जाईल तेव्हा कुत्र्याचं ताट तुम्ही किंवा सासूबाईच भरणार आहात. पाण्याचं भांडं धुऊन भरणं, अंगावरून ब्रश फिरवणं ही कामं ९ वर्षांच्या मुलाला जमतात. खर्च, लसी आणि बांधणं-सोडणं यांची जबाबदारी मोठ्यांनीच घ्यायची. घरातल्या एका मोठ्या माणसाची मनापासून तयारी नसेल तर पिल्लू ठेवू नका, त्याच्यासाठी तयार असलेलं घर शोधा.

प्रश्न: कुत्र्याला दूध-भाकरी देतो. मुलं आपल्या ताटातलं सगळंच देतात. काय टाळावं?
— वाचक, यावल

ज्वारी-बाजरीची भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर पिल्लाची हाडं भरत नाहीत. भाकरी किंवा भात, त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं शिजवलेलं चिकन, थोडं वरण, थोडा लाल भोपळा असं द्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोनदा. गाईच्या दुधाने काही पिल्लांना जुलाब होतात. झाले तर दूध बंद करून थोडं ताक-भात द्या. पिल्लू अगदी लहान, महिन्याच्या आतलं असेल तर पिल्लांसाठी मिळणारी दूध-भुकटी वापरा आणि पाजताना ते पोटावर राहू द्या. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

आपल्याकडे खरा धोका कांद्या-लसणाचा. भरीत, शेवभाजी, ठेचा, कोणत्याही रश्श्यात ते असतंच. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कांदा शिजवला तरी हा गुण जात नाही. द्राक्षं, मनुके आणि चॉकलेटही बंद. शिजवलेली कोंबडीची हाडं तुटून अणकुचीदार होतात, ती आतड्याला भोक पाडतात. केळ्याच्या दोन चकत्या खुशाल द्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस झाला की कोयी कुत्र्याला मिळतील अशा टाकू नका. कोय गिळली की आतड्यात अडकते आणि ऑपरेशन करावं लागतं.

प्रश्न: खेळताना आमच्याच पिल्लाचा दात मुलीच्या मनगटाला लागला. थोडं रक्त आलं. घरच्यांनी हळद भरली. पिल्लू तीन महिन्यांचंही नाही, मग इंजेक्शन घ्यायला हवं का?
— एक वडील, शहादा

हो, आणि आजच. हे वाचून होण्याआधी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही फार वाटतात. हळद, मिरची, चुना, तेल यातलं काहीही लावायचं नाही. त्याने आग होते आणि विषाणू आत राहतात. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. पट्टी घट्ट बांधू नका, टाके लगेच घालून घेऊ नका.

रक्त आलं म्हणजे जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची. त्यात लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते जखमेत आणि तिच्या कडेने टोचतात. लस काम सुरू करेपर्यंतचे दिवस तेच सांभाळतं. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, म्हणून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून निघा.

लस त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन जागी. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, दंडात किंवा लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यात कधीही नाही. ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. नुसतं खरचटलं, रक्त आलं नाही, तरी लस लागतेच. जखम नसलेल्या त्वचेवर कुत्र्याने चाटलं तर ती जागा धुणं पुरतं.

पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेल, असं धरून चालू नका. त्याची आई कोण, तिला कोण चावलं, हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्याला १० दिवस नजरेसमोर ठेवा. या दिवसांत ते मेलं, हरवलं किंवा विचित्र वागू लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण १० दिवस वाट पाहून मग लस सुरू करायची, असं कधीच करू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, जगभरात मोजकेच वाचले आहेत.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. संशयित रेबीजच्या प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मुलं चावा लपवतात. मार बसेल याची भीती असते, त्याहून मोठी भीती कुत्र्याला हाकलून देतील याची. म्हणून चावण्याची वेळ येण्याआधीच शब्द द्या: "दात लागला तर लगेच सांग, तुला रागावणार नाही आणि त्याला घालवणार नाही." तो शब्द पाळायचाही. जितका जीव जास्त, तितकं मूल लपवणार, हे धरूनच चाला. घरात कुत्रं असलेल्या मुलांना चावा व्हायच्या आधीच रेबीजची लस देता येते, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: आमचं कुत्रं गरीब आहे, पण ५ वर्षांच्या नातीने मिठी मारली की गुरगुरतं. मारून सवय मोडावी का?
— एक आजोबा, धुळे

आजोबा, मारू नका. गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे. मार खाऊन ते गुरगुरणं सोडेल, पण मिठीचा त्रास तसाच राहील, आणि मग एक दिवस न गुरगुरता चावेल.

गुरगुरण्याआधीही ते बरंच काही सांगत असतं. भूक नसताना ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, तोंड वळवतं पण नजर मुलीवर ठेवतं आणि डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. अंग ताठ होतं, शेपूट पायांत जाते. हलणारी शेपूट म्हणजे खूश, हे अर्धवट खरं आहे. ताठ, उंच धरलेली आणि टोकाशीच थरथरणारी शेपूट धोक्याची असते. माणसाला मिठीत माया वाटते, कुत्र्याला मात्र अडकल्यासारखं वाटतं. लहान मुलाचा चेहरा नेमका त्याच्या दातांच्या उंचीवर असतो, म्हणून या वयात चावे तोंडाला होतात.

नातीला एक खेळ शिकवा. आपण बसायचं आणि कुत्र्याला स्वतःहून येऊ द्यायचं. आलं तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन मोजेपर्यंत हात फिरवायचा, मग हात काढून घ्यायचा. ते आणखी जवळ सरकलं तर पुन्हा तीन. सरकलं नाही किंवा तोंड फिरवलं तर आज पुरे. डोक्यावरून हात नको, पाठीवर बसणं नको. कुत्रं जेवताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांपाशी असताना जवळ जायचं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात त्याची एक जागा ठरवा. ते तिथे गेलं की त्याला कुणी हाक मारायची नाही, तुम्हीसुद्धा नाही. आणि ५ वर्षांचं मूल व कुत्रं दोघंच खोलीत, असं पाच मिनिटंही नको. आता घरात मोठं माणूस आहे म्हणून चालत नाही, ते बघत असलं पाहिजे.

प्रश्न: चौथीच्या वर्गाला मूल आणि कुत्रं या विषयावर गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या परंपरेतल्या कोणत्या घ्याव्यात? मुलांच्या डोक्यात भलतंच भरू नये, हीही काळजी आहे.
— एक शिक्षिका, अमळनेर

बाई, काळजी रास्त आहे. गोष्टीत पोरगं आणि कुत्रं एका पानात जिवलग होतात. खऱ्या आयुष्यात रस्त्यावर वाढलेलं मोठं कुत्रं घरात आलं की पहिले तीन दिवस कोपऱ्यात बसतं, तीन आठवड्यांत दिनक्रम ओळखतं आणि मोकळं व्हायला तीन महिने घेतं. हा ढोबळ हिशोब मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती नाराज होत नाहीत.

महाभारताच्या आदिपर्वात सुरुवातीलाच एक छोटी गोष्ट आहे, ती वर्गात फार कमी सांगितली जाते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचा यज्ञ चालू असतो. तिथे एक कुत्र्याचं पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. आई आधी विचारते, तुझी काही चूक झाली असेल. पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याला, म्हणजे यज्ञात वाहायच्या पदार्थाला, तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंही नाही. मग सरमा यज्ञात येऊन जाब विचारते, कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते: निरपराधाला मारलंत, तुम्हाला न दिसणारं भय येईल. चौथीच्या मुलांना ही गोष्ट नीट भिडते, कारण विनाकारण मार खाऊन आईकडे जाणं त्यांना ठाऊक असतं. गोष्ट झाल्यावर एवढंच विचारा, पिल्लू यज्ञात का आलं असेल. भूक, ऊब, कुतूहल अशी उत्तरं येतील, आणि मग गल्लीतल्या कुत्र्यांकडे बोलणं आपोआप वळतं.

युधिष्ठिराच्या मागे स्वर्गाच्या वाटेवर गेलेलं कुत्रं सगळ्यांना माहीत आहे. सांगताना एका तपशिलावर थांबा. ते कुत्रं कुणी बांधून नेलेलं नव्हतं, हस्तिनापुराहून आपणहून मागे आलं होतं. आणि इंद्राने रथात बसायला सांगितलं तेव्हा युधिष्ठिर म्हणाला, जो भरवशाने सोबत आला त्याला टाकणार नाही. पिल्लू हौसेने आणून परीक्षा जवळ आली की बाजारात सोडून येणाऱ्या घरांतली मुलंही तुमच्या वर्गात असतील. त्यांना कुणाचं नाव न घेता हे पोचतं.

संत नामदेवांची गोष्ट सांगाल तेव्हा मात्र एक वाक्य जोडा. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, यातला भाव मोठा आहे. पण आपण खाणं तोंडात असलेल्या कुत्र्यामागे धावायचं नाही. चिमुकली मुलं गोष्ट करून बघतात. त्याच तासाला झाडाचा खेळ घ्या: अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात छातीशी दुमडायचे, नजर पायांकडे, झाडासारखं स्थिर. खाली पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी मान आणि कान झाकून गोळा व्हायचं. वर्गात दोन-दोनदा करून घेतलं की लक्षात राहतं, नुसतं सांगून राहत नाही.

प्रश्न: आमच्या मुलाने सांभाळलेली कुत्री माजावर येते आणि दारात दहा कुत्री जमतात. शेजारी भांडतात. ऑपरेशन केलं तर ती बदलेल का? मुलगा घाबरलाय.
— वाचक, पारोळा

मुलावरची तिची माया कमी होत नाही. पहिला माज साधारण सहा महिन्यांपासून पुढे येतो, गाभण राहिली की ६३ दिवसांत पिल्लं. म्हणून साधारण सहाव्या महिन्यात पशुवैद्यकाला दाखवून नसबंदीची तारीख ठरवा. सध्या माजावर असेल तर माज संपून काही आठवडे जाऊ द्या, माजात ऑपरेशन केलं तर रक्तस्राव जास्त होतो. ऑपरेशनआधी डॉक्टर सांगतील तेवढे तास उपाशी. नंतर १० ते १४ दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर हवी, उड्या आणि आंघोळ बंद. मुलाला टाके रोज बघायचं काम द्या: लाली वाढली, सूज आली, पाणी सुटलं तर सांगायचं. पुढे वजन वाढतं, तेव्हा खाणं थोडं कमी करा.

गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांसाठी नगरपरिषदेकडे लेखी अर्ज द्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे. ज्याच्या कानाला खाच दिसते त्याचं ऑपरेशन झालेलं असतं.

प्रश्न: रस्त्यावर गाडीखाली आमचं कुत्रं गेलं. ७ वर्षांची मुलगी विचारते, ते कुठे आहे. "मळ्यात गेलंय" असं सांगितलं. बरोबर केलं का?
— एक आई, चाळीसगाव

ताई, आता खरं सांगा. मळ्यात गेलंय म्हटलं की ती वाट बघत राहते, आणि आपल्याला न भेटता का गेलं, माझ्यावर रुसलं का, असं स्वतःशी ठरवते. "झोपलं" असंही म्हणू नका, काही मुलं त्यानंतर झोपायला घाबरतात. साधं वाक्य पुरे: "गाडी लागली, त्याचं शरीर बंद पडलं, ते मेलं. आता ते परत येणार नाही. तुझी चूक नाही." शेवटचं वाक्य ती विचारो न विचारो, सांगाच. फाटक तिने उघडं ठेवलं असेल तर ती ते मनात धरून बसलेली असेल.

पुरलेली जागा दाखवा, तिथे तिला काही ठेवायचं असेल तर ठेवू द्या. शाळेतल्या बाईंना कळवा. काही दिवस ती चिडेल, मध्येच खेळेल, पुन्हा रडेल, हे ठीक आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही खाणं-झोप बिघडलेली राहिली तर डॉक्टरांशी बोला. त्याच आठवड्यात दुसरं पिल्लू आणू नका. तिने स्वतःहून विषय काढला की बघा, आणि नव्या पिल्लाला जुनं नाव देऊ नका.

प्रश्न: उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली कुत्रं धापा टाकतं. गोचीडही फार झालेत. म्हशींसाठीचं गोचिडाचं औषध लावलं तर चालेल का?
— वाचक, भुसावळ

म्हशींचं औषध नको. त्याचं प्रमाण मोठ्या जनावराच्या हिशोबाचं असतं, कुत्रं अंग चाटतं आणि विषबाधा होते. लाळ, थरकाप, झटके ही त्याची लक्षणं. कपाशीवर फवारायचं औषध तर घरात कुणी सुचवलं तरी हाणून पाडा, त्याच कुत्र्याच्या गळ्यात मुलं हात टाकणार आहेत. पशुवैद्यकाकडून कुत्र्याच्या वजनाची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध घ्या. दिसलेला गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायचा, काडीने चटका देऊन किंवा तेल लावून नाही, आणि बोटांनी चिरडायचा नाही. हे काम मुलांना देऊ नका. कुत्र्यावरचा गोचीड भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालतो, त्यामुळे धाब्याच्या घरात भेगा लिंपल्याशिवाय ते पुन्हा येत राहतात. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर गोचीड-ताप समजून दवाखाना.

भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली कुत्रं बांधणं म्हणजे जीव घेणं. त्याला पंजांशिवाय घाम येत नाही, धाप हाच त्याचा पंखा. झाडाखाली किंवा घरात ओल्या गोणपाटावर जागा द्या, मातीच्या भांड्यात पाणी दोनदा बदला. हाताची उलटी बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवत नसेल तर फिरायला न्यायचं नाही, सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर न्यायचं. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०४ च्या वर गेलं, तोल जाऊ लागला, लाळ चिकट झाली, तर पोट, जांघा आणि पंजांवर साधं पाणी ओतत पंख्याखाली ठेवा. पाणी ओतत ओततच दवाखान्याकडे निघा.